सायकल प्रश्नोत्तरे : ओझे, घाट आणि हलका गिअर

दिवाळीनंतर मराठवाड्यातली हवा सायकलप्रवासाला मानवते आणि सामान लादून लांब निघणाऱ्यांची पत्रेही वाढू लागतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच अडचणीकडे आहे : सपाटीवर बिनतक्रार चालणारी सायकल ओझे लादल्यावर घाटात का अडते आणि तिचे गिअर किती हलके करावेत. त्यांतली चार पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा शिक्षक आहे. आम्ही तिघे मित्र या हिवाळ्यात वेरूळचे घृष्णेश्वर, परळीचे वैद्यनाथ आणि औंढ्याचे नागनाथ ही तिन्ही ज्योतिर्लिंगे सायकलने करणार आहोत. माझी सायकल हायब्रिड प्रकारची आहे; पुढे पेडलपाशी ४८-३८-२८ दातांची तीन चेनव्हील, म्हणजे दातेरी चाके, आणि मागच्या चाकावर १४ ते २८ दातांचे सात चकत्यांचे फ्रीव्हील. सरावासाठी गंगाखेडमार्गे परळीला गेलो आणि तिथून अंबाजोगाईचा घाट चढायला घेतला. रिकाम्या सायकलीवर हाच घाट मी पूर्वी बसूनच चढलो होतो. या वेळी १८ किलो सामान आणि ४ लिटर पाणी होते. निम्म्या वाटेपासून सायकल ढकलत न्यावी लागली आणि नंतर दोन दिवस गुडघे दुखत होते. माझे वजन ६८ किलो, सायकलीचे १५ किलो. दुकानदार म्हणतात, सराव वाढवा. सोबती म्हणतात, याहून हलका गिअर म्हणजे पायी चालण्याच्याच वेगाने जाणे. बदल करावा का आणि कोणता? (परभणी)

उत्तर : सर, तुमचे पाय कमी पडलेले नाहीत, सायकलीचा सर्वांत हलका गिअर कमी पडला आहे, आणि हे आकड्यांनी दाखवता येते. तुम्ही, सायकल, सामान आणि पाणी मिळून वजन होते १०५ किलो. सहा टक्क्यांचा चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सहा मीटर वर नेणारा रस्ता, धरला तर या वजनाचा सहा टक्के भाग, सुमारे सव्वासहा किलो, सायकलीला सतत मागे ओढत असतो. टायर रस्त्यावर फिरताना होणारा विरोध त्यात मिळवला की सात किलोंच्या आसपास ओढ होते. नियमित सायकल चालवणारा, पण स्पर्धक नसलेला माणूस तास-दोन तास साधारण १०० ते १५० वॅट शक्ती लावू शकतो. तुमच्यासाठी १२० वॅट धरले, तर या चढावर तुमचा वेग ताशी ६ किलोमीटरच्या थोडा वरच राहणार, आणि त्यात कोणताही गिअर फरक पाडू शकत नाही. गिअर एवढेच ठरवतो की त्या वेगाला तुमचे पाय मिनिटाला किती वेळा फिरतील.

तुमचा सर्वांत हलका गिअर २८ ला २८, म्हणजे पुढे २८ आणि मागे २८ दात, असा आहे. पेडलच्या एका फेऱ्याला मागचे चाक बरोबर एकदा फिरते आणि तुमच्या मापाच्या चाकाला सायकल सुमारे २.१५ मीटर पुढे जाते. वर सांगितलेल्या वेगाला पाय मिनिटाला ४८ वेळा फिरले असतील. आता सामान आणि पाणी काढून हाच हिशेब करा : वजन ८३ किलो, वेग ताशी पावणेआठ किलोमीटर आणि फेरे मिनिटाला ६०. रिकाम्या सायकलीवर तुम्ही हा घाट बसून का चढलात आणि ओझ्यासह का अडलात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. साठ फेऱ्यांच्या आसपास बहुतेकांचे पाय लयीत राहतात. पन्नासच्या खाली गेले की प्रत्येक फेऱ्यात पेडल वरच्या बिंदूपाशी अडखळते, माणूस सीटवर पुढे सरकतो, हँडल ओढू लागतो आणि अखेर उभा राहतो. सामान लादलेल्या सायकलीवर उभे राहिले की ती डावी-उजवीकडे झोले खाते, आणि तिला सावरण्यातही शक्ती जाते.

गुडघ्यांचे दुखणेही येथूनच आले आहे. तेवढीच शक्ती ४८ फेऱ्यांत लावायची, तर १७० मिलिमीटरच्या क्रँकवर, म्हणजे पेडल धरणाऱ्या दांडीवर, फेरीभर सरासरी १४ किलोंचा दाब द्यावा लागतो. ६८ फेऱ्यांत लावायची, तर १० किलो पुरतात. ही सरासरी झाली. पाय खाली जात असतानाचा प्रत्यक्ष जोर याच्या दुपटीच्या घरात जातो, आणि तो वाकलेल्या गुडघ्यावर, वाटीच्या मागच्या भागावर येतो. हलक्या गिअरने घाटाचे एकूण काम कमी होत नाही, तुमचे १०५ किलो तेवढ्याच उंचीवर न्यायचे असतात; पण ते काम लहान-लहान भागांत वाटले जाते आणि त्याचा भार सांध्यांवरून बराचसा हृदय आणि फुप्फुसांवर जातो. दम लागला तर पाच मिनिटे थांबून पुन्हा निघता येते. गुडघा धरला तर प्रवास तिथेच संपतो. धान्याचे पोते खांद्यावर घेऊन जिना चढणारा माणूस दोन-दोन पायऱ्या एकदम घेत नाही, तसेच हे आहे. दुकानदारांचा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. सरावाने १२० वॅटचे १३५ होतील. त्यामुळे ४८ फेऱ्यांचे ५४ होतात, ६८ होत नाहीत.

मग किती हलका गिअर हवा? त्यासाठी घाटाचा खडेपणा माहीत हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार डोंगराळ मुलखातील रस्त्याचा चढ साधारणपणे पाच-सहा टक्क्यांच्या आत ठेवावा आणि अपवादात्मक जागी तो सात-आठ टक्क्यांपर्यंत जाऊ द्यावा, असा दंडक आहे. म्हणून मोठ्या रस्त्यांचे घाट लांब असले तरी फारसे उभे नसतात. देवस्थानांकडे, गडांकडे आणि वस्त्यांकडे जाणारे जुने रस्ते मात्र या हिशेबात बसतीलच असे नाही. वळणाची आतली बाजू तर कुठेही अधिक खडी असते. आठ टक्क्यांच्या तुकड्यावर तुमचा वेग ताशी पाच किलोमीटरच्या थोडा खाली येईल. तिथे २८ ला २८ वर पाय मिनिटाला फक्त ३७ वेळा फिरतील. पुढे २४ आणि मागे ३४ असतील तर सहा टक्क्यांवर ६८ आणि आठ टक्क्यांवर ५३ फेरे पडतील. माझे स्पष्ट मत असे आहे की सायकलस्वारासह एकूण वजन शंभर किलोंच्या पुढे जात असेल, तर पुढचे सर्वांत लहान चेनव्हील मागच्या सर्वांत मोठ्या चकतीपेक्षा चांगले आठ-दहा दातांनी लहान असावे. एका फेऱ्यात सायकल दीड मीटरच्या आसपास पुढे गेली पाहिजे. याहून फार खाली, म्हणजे सव्वा मीटरच्या खाली, जाण्यात लाभ नाही, कारण ताशी चार किलोमीटरच्या आत ओझ्याची सायकल सरळ ठेवणे कठीण होते आणि मागून ट्रक येत असताना नागमोडी जाणे धोक्याचे आहे.

तुमच्या सोबत्यांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे : ओझ्यासह घाटात वेग ताशी सहाच किलोमीटर राहतो. परंतु सायकल ढकलत नेताना माणूस तीन-साडेतीनच्या वेगाने जातो, पाठ वाकडी होते, आणि कॅरिअरच्या बाजूला टांगलेली पिशवी, म्हणजे पॅनिअर, प्रत्येक पावलाला पोटरीला घासते. हलका गिअर म्हणजे दुबळेपणा ही समजूत जुनी आहे. पूर्वी ती मोठ्या स्पर्धांतही होती. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली ती १९३७ साली. त्याच्या कितीतरी आधी त्याच देशात पॉल द व्हिवी (१८५३–१९३०) यांनी प्रवासी सायकलस्वाराला वेगवेगळे गिअर हवेतच, असा आग्रह आयुष्यभर धरला आणि सेंत एतिएन गावाजवळच्या डोंगररस्त्यावर स्वतः चढून तो पडताळून दाखवला. आज सामान घेऊन दूर जाणाऱ्या कोणालाही त्यांचे म्हणणे वेगळे पटवून द्यावे लागू नये.

आता बदल. पहिले पाऊल मागच्या बाजूला टाकावे, कारण ते स्वस्त आहे. तुमच्या मागच्या चाकाच्या मध्यभागी असलेल्या हबवर आटे पाडून बसवलेले फ्रीव्हील असेल, तर त्याच आट्यांवर १४ ते ३४ दातांचे सात चकत्यांचे फ्रीव्हील बसते. अशा काही फ्रीव्हीलमध्ये २४ दातांनंतर एकदम ३४ ची चकती येते. सपाटीवर हे अंतर विचित्र वाटते. घाटात मात्र ती एक चकती राखीव बळासारखी उपयोगी पडते, म्हणून त्याविषयी फार खंत करू नये. मोठी चकती घातली की चेन लांब लागते. चेन डिरेलरमधून न घालता पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून गुंडाळावी, टोके जुळतात तिथून आणखी दोन कड्या सोडाव्यात आणि तेवढी लांबी ठेवावी. जुनीच चेन ठेवून कोणी नवे फ्रीव्हील बसवून देत असेल, तर चुकून ४८ ला ३४ असा गिअर पडला तेव्हा चेन ताणून डिरेलर मोडू शकतो, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे. मागचा डिरेलर ३४ दातांपर्यंत चालतो की नाही, हेही आधी पाहावे. त्याच्या मागच्या बाजूला एक लहान स्क्रू असतो. तो आवळत गेल्यास डिरेलरची वरची पुली, म्हणजे चेन फिरवणारे लहान चाक, चकतीपासून दूर जाते. मोठ्या चकतीवर चेन असताना पुली तिला घासत नाही, एवढे अंतर ठेवावे.

एवढ्याने तुमचा गिअर २८ ला ३४ होईल आणि सहा टक्क्यांवर फेरे ५८ पर्यंत येतील. हलक्या सामानाला हे पुरेल. अठरा किलोंना पुरणार नाही, आणि हे मी भीड न बाळगता लिहितो. दुसरे पाऊल पुढच्या बाजूचे आहे. तुमच्या वर्गातील सायकलींवर तिन्ही चेनव्हील बहुधा रिव्हेटने एकत्र ठोकलेली असतात, त्यामुळे एकटे लहान चेनव्हील बदलता येत नाही. संपूर्ण क्रँकच बदलावा लागतो. ४२-३४-२४ दातांचा क्रँक डोंगरी सायकलींवर सर्रास येतो आणि दोन्ही पेडलांमधल्या चौकोनी टोकाच्या दांड्यावर बसणारा तो फारसा महाग पडत नाही. दांड्याची लांबी मात्र मेकॅनिककडून पडताळून घ्यावी, नाही तर लहान चेनव्हील फ्रेमला घासते किंवा चेन तिरपी चालते. क्रँक बदलल्यावर पुढचा डिरेलर थोडा खाली सरकवावा लागतो. ४८ दातांचे चेनव्हील गेल्याची हळहळ वाटू देऊ नका. ४२ ला १४ वर मिनिटाला ८० फेरे मारले, तरी सायकल ताशी ३१ किलोमीटरने धावते, आणि अठरा किलो सामान घेऊन सपाटीवर याहून वेगाने तुम्ही जाणार नाही. उतारावर पाय थांबवून सायकल सोडून द्यायची असते.

तुमच्या मार्गाविषयीही दोन शब्द. तुम्ही ज्या घाटात अडलात, तो या प्रवासात तुम्हाला अंबाजोगाईकडून परळीकडे उतरायचा आहे. तिथे गिअरपेक्षा ब्रेकचे रबर महत्त्वाचे. चढ तुम्हाला दुसरीकडे भेटतील : वेरूळ सोडताच खुलताबादकडे वर नेणारा रस्ता, जिथे पाय अजून तापलेले नसतात, आणि बीडनंतर बालाघाटावर चढवणारा मांजरसुंब्याचा घाट. आपला मुलूख असाच आहे. तासन्तास सपाट पठार आणि त्याच्या कडेला अचानक उभी राहिलेली बेसाल्टची पायरी. म्हणून येथे मधल्या गिअरच्या बारकाव्यांपेक्षा तळाच्या गिअरचे महत्त्व अधिक आहे. परळीनंतर गोदावरीच्या खोऱ्यातून परभणीवरूनच पुढे जायचे असेल, तर नको असलेले सामान घरी उतरवून औंढ्याला जाता येईल. गिअर बदलून झाल्यावर मात्र थेट प्रवासाला निघू नका. दोन्ही पॅनिअरमध्ये नऊ-नऊ किलो ज्वारी भरून परळीचा तोच घाट पुन्हा चढा. ज्वारी खाली दबून बसते आणि कपड्यांसारखी फुगत नाही, त्यामुळे कॅरिअरचा कोणता नट सैल पडतो, हेही त्याच फेरीत कळते.

प्रश्न : माझी रोड बाइक आहे, पुढे ५०-३४, मागे ११ ते २८ दातांची आठ चकत्यांची कॅसेट. दोन दिवसांसाठी अजिंठा लेणी पाहायला जाऊन फर्दापूरला मुक्काम करून परत यायचे आहे. सामान फार तर ८-९ किलो. परतताना फर्दापूरहून अजिंठा गावाकडे घाट चढावा लागतो. मीही डोंगरी सायकलीचा क्रँक बसवावा का? माझे वय २६, वजन ६५ किलो. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुम्हाला एवढ्या बदलाची गरज नाही. तुमचे एकूण वजन पाण्यासह ८७ किलोंच्या आसपास राहील आणि या वयात, सराव असताना, दीडशे वॅट ही तुमच्यासाठी मोठी मागणी नव्हे. ३४ ला २८ या तुमच्या आताच्या गिअरवरही सहा टक्क्यांच्या चढावर पाय मिनिटाला साठच्या वर फिरतील. मात्र परतीच्या सकाळी आदल्या दिवशीचे शंभर किलोमीटर पायांत असतात. शक्ती ११० वॅटवर आली, तर तेच फेरे ४६ वर येतात. गिअर ठरवताना ताज्या पायांचा हिशेब धरू नये, थकलेल्या पायांचा धरावा. म्हणून ११ ते ३४ दातांची कॅसेट घ्या, आणि तेवढ्यावर थांबा.

एक गोष्ट विकत घेण्याआधी तपासा. मागचा डिरेलर चेनची किती ढिलाई आवळून धरू शकतो, याला मर्यादा असते. पुढच्या दोन चेनव्हीलमधील फरक आणि कॅसेटच्या सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान चकतीतील फरक यांची बेरीज त्या मर्यादेत बसली पाहिजे. तुमची आताची बेरीज १६ अधिक १७, म्हणजे ३३ आहे. नव्या कॅसेटने ती १६ अधिक २३, म्हणजे ३९ होईल. तुमच्या डिरेलरचा पिंजरा, म्हणजे दोन पुली धरणारा भाग, आखूड असेल तर तो हे पेलणार नाही आणि लांब पिंजऱ्याचा डिरेलर घ्यावा लागेल. शिमानोचे आठ गिअरचे रोड शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायच्या कळा, असतील, तर त्याच कंपनीचा आठ किंवा नऊ गिअरचा डोंगरी डिरेलर त्यांच्यासोबत नीट चालतो. दहा गिअरचा डोंगरी डिरेलर मात्र घेऊ नका. त्याचे केबल ओढण्याचे प्रमाण वेगळे आहे आणि गिअर कधीच जागेवर बसणार नाहीत.

तुमच्या सायकलीची खरी अडचण मला वेगळी दिसते. अशा फ्रेमवर कॅरिअर बसवायला बहुधा छिद्रेच नसतात, आणि मागच्या चाकाला तारा कमी असतात. नऊ किलो सगळे मागे टांगण्याऐवजी जड वस्तू फ्रेमच्या त्रिकोणातील पिशवीत ठेवा आणि सीटमागे फक्त कपडे बांधा. पुढचे चाक हलके झाले की घाटात, कमी वेगाला, सायकल सरळ रेषेत राहत नाही.

प्रश्न : तुमच्या सदरात नेहमी गिअरच्या सायकलींबद्दलच लिहून येते. माझी साधी काळी सायकल आहे. तिच्यावरून तामलवाडीकडून तुळजापूरला येतो, मागे दहा किलोचे गाठोडे असते. घाटात उतरावेच लागते. या सायकलीचे काही करता येईल का? (तुळजापूर)

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, आपल्या जिल्ह्यांत रोज ओझे वाहणाऱ्या सायकली बहुतांश तुमच्यासारख्याच आहेत. साध्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दातांच्या आसपास चाके असतात आणि एका फेऱ्यात ती जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. सहा टक्क्यांच्या चढावर मिनिटाला साठ फेरे टिकवायचे, तर त्यासाठी सव्वातीनशे-साडेतीनशे वॅट लागतील. ती तयारीच्या स्पर्धकाची शक्ती आहे. तेव्हा घाटात उतरून चालणे हाच योग्य मार्ग आहे.

तरीही एक बदल सुचवतो. मागचे फ्रीव्हील १८ ऐवजी २२ दातांचे घाला. मोठ्या गावातील सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात ते मिळते आणि चेनला एक-दोन कड्या जोडल्या की काम होते. प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर सुमारे अठरा टक्क्यांनी कमी होतो. घाट त्याने बसून चढता येणार नाही, पण घाटाच्या पायथ्याचा आणि माथ्यावरचा हलका चढ, जिथे आज तुम्ही जोर करून उभे राहत असाल, तो बसल्या-बसल्या जाईल. बदल्यात सपाटीवर पाय थोडे अधिक फिरतील. ढकलताना गाठोडे मागे लोंबकळत न ठेवता कॅरिअरवर शक्य तितके सीटला चिकटवून बांधा. पुढचे चाक उचलले जात नाही आणि मनगटावर ताण येत नाही.

प्रश्न : नांदेडहून माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला आम्ही मैत्रिणी सायकलने जाणार आहोत. माझी सायकल २६ इंची चाकांची डोंगरी सायकल असून पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४-३४ आहे. म्हणजे गिअर पुरेसे हलके आहेत. पण चढाला लागल्यावर पुढचे लहान चेनव्हील टाकायला गेले की चेन आतल्या बाजूला पडते आणि भर चढावर उतरून हात काळे करावे लागतात. पुढे एकच चेनव्हील असलेली नवी सायकल घ्यावी का? (नांदेड)

उत्तर : ताई, नवी सायकल घेऊ नका. तुमच्याकडे आहे तो २४ ला ३४ गिअर, त्यातही २६ इंची चाक, म्हणजे एका फेऱ्यात दीड मीटरच्याही थोडी आत. एक चेनव्हील असलेली सायकल सुटसुटीत असते हे खरे, पण एवढा हलका गिअर मिळवायला तिला मागे फार मोठी कॅसेट लागते, आणि झिजल्यावर तिच्या कॅसेट-चेनचा खर्च तुमच्या फ्रीव्हीलच्या कितीतरी पट असतो. शिवाय तसे भाग किनवट-माहूरच्या वाटेवर मिळण्याची आशा धरता येत नाही. सात चकत्यांचे फ्रीव्हील तालुक्याच्या गावी मिळू शकते.

चेन पडण्याची दोन कारणे असतात आणि बहुतेक वेळा दोन्ही एकत्र असतात. पहिले कारण पायांचे. पुढचा डिरेलर चेनला तिच्या ताणलेल्या भागावर ढकलतो, कारण पेडल दाबताना चेनचा वरचा भागच ओढला जात असतो. चढावर पूर्ण जोर देत असताना शिफ्टर दाबला की चेन आधी अडकून राहते, मग एकदम सुटते आणि लहान चेनव्हीलच्या पलीकडे जाऊन पडते. म्हणून लहान चेनव्हील घाटाच्या तोंडाशीच, पाय अजून मोकळे असताना, टाकावे. ते टाकताना मागची चेन मधल्या चकतीवर आणून ठेवावी. मागे सर्वांत मोठी चकती असताना पुढचे चेनव्हील लहान केले, तर पाय एकदम हवेत फिरल्यासारखे होतात आणि चालती सायकल थांबते. वळणापलीकडे चढ आहे हे कळलेच नाही आणि मधल्या चेनव्हीलवर अडकलात, तर एक-दोन फेरे मुद्दाम जोराने मारून सायकलीला थोडा वेग द्या, मग अर्ध्या फेऱ्यापुरता पायांचा दाब काढून घ्या, पाय फिरते ठेवा आणि त्याच क्षणी शिफ्टर दाबा. दाब काढायचा आहे, पाय थांबवायचे नाहीत. पाय थांबले की चेन जागची हलतच नाही. घराजवळच्या एखाद्या पुलाच्या चढावर रिकाम्या सायकलीने याचा सराव करा. पाच-सहा वेळा झाल्यावर हाताला आणि पायाला तो मेळ आपोआप साधतो.

दुसरे कारण जुळणीचे. पुढच्या डिरेलरवर दोन लहान स्क्रू असतात, त्यांतील एक त्याला आतल्या बाजूला किती सरकू द्यायचे ते ठरवतो. मागे सर्वांत मोठी चकती आणि पुढे लहान चेनव्हील ठेवून पाहा : चेन आणि डिरेलरचा आतला पत्रा यांच्यात एक मिलिमीटरच्या आसपासच फट असावी. अधिक असेल, तर तो स्क्रू पाव-पाव फेरा आवळत जा आणि प्रत्येक वेळी गिअर टाकून पाहा. फार आवळला तर चेन लहान चेनव्हीलवर उतरणारच नाही; तसे झाले की पाव फेरा मागे या. एवढे करूनही पडत असेल, तर फ्रेमच्या नळीला आवळून बसवायचा चेन अडवणारा लहान आकडा मिळतो. तो आतल्या बाजूला चेनला जागाच ठेवत नाही.

याखेरीज चेनची अवस्था पाहा. काळ्या मातीचा आणि मुरमाचा धुरळा तेलात मिसळून चेनवर जो थर बसतो, त्याने तिची सांधे-हालचाल जड होते आणि गिअर उशिरा पडतात. फडक्याने चेन बाहेरून कोरडी पुसा, प्रत्येक कडीच्या सांध्यावर एकेक थेंब तेल सोडा, दहा-बारा फेरे उलटे फिरवा आणि वर राहिलेले तेल पुन्हा पुसून काढा; ओली दिसणारी चेन धूळच गोळा करते. प्रवासात रोज संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर हे केले, तर दुसऱ्या दिवशीच्या चढावर गिअर वेळेवर पडेल. हातमोज्यांची एक जुनी जोडीही सामानात वरच ठेवा.